मोहर्लीच्या रस्त्यावर

आमच्या घरातली सगळ्यांत मोठी खोली दाराबाहेर उभी असायची. हैदराबादला विद्यानगरच्या मागच्या गल्लीत दीड खोलीत आम्ही तिघं राहायचो, आई, आप्पा आणि मी, आणि दाराला लागून आप्पांची निळी मॅटाडोर. सकाळ-दुपार तिच्यात हिमायतनगरच्या एका शाळेची चौदा लेकरं बसायची. उरलेल्या वेळात ती आमची असायची. मी दहावीचा सगळा अभ्यास तिच्या मागच्या सीटवर केला. उन्हाळ्यात आई तिच्या टपावर कुरडया वाळत घालायची आणि आप्पा म्हणायचे, "बघा, ह्या गाडीला कुरडयांचं परमिट हाय." थंडीत ती लवकर चालू व्हायची नाही. खर्र-खर्र करून तीनदा थांबायची, चौथ्यांदा सगळ्या गल्लीला जागं करून सुरू व्हायची. त्या आवाजावर शेजारच्या घरांतले स्टोव्ह पेटायचे. आप्पा खाकी सदरा घालून, केसांना पाणी लावून गाडीत बसायचे, आणि गाडी हलायच्या आत आई पदराला हात पुसत त्यांच्या डाव्या बाजूला चढायची.

आई गाडीवर जायला लागली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली असतील. लहान लेकरांना उतरवून घ्यायला बाई हवी, असं आप्पांनी शाळेत सांगितलं होतं. शाळेला ते आवडलंही. मला मात्र तिची लाज वाटायची, कारण ती गाडीत अखंड बोलायची. "सायकल आली हो. म्हैस हाय कडंला. ती बाई थांबली नाई, चालूच हाय." मी एखाद्या दिवशी गाडीत असले तर खिडकीबाहेर तोंड करून बसायची. मला वाटायचं, खेड्यातली बाई आहे, रस्त्यावर जे दिसेल ते बोलून दाखवते.

घरातही काही गोष्टी हळूहळू बदलल्या होत्या, पण त्या इतक्या हळू बदलल्या की मला त्या आमच्या घरच्या पद्धतीच वाटायच्या. आम्ही दिवे लागायच्या आत जेवायचो. आप्पांचं ताट ठेवलं की आई पाण्याचा तांब्या त्यांच्या अगदी समोर, ताटाला टेकवून ठेवायची. बाजूला ठेवला तर तो हमखास लवंडायचा. आप्पांचा पाय उंबऱ्याजवळच्या चपलांत अडकायचा, कोपर दाराला लागायचं. मग ते हसून म्हणायचे, "हे घर लहान झालं का मी मोठा झालो?" आम्हीही हसायचो. खट्टी दाल, ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी आणि हे हसणं. त्या घरात मला दुसरं काही कमी वाटलं नाही, हे आज लिहिताना मुद्दाम सांगते.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुटीआधी आप्पा एकदम म्हणाले, "यंदा ताडोबा बगायचं." माझे आजोबा किनवटच्या जंगलात बांबू तोडायला जायचे आणि वाघाच्या गोष्टी घरी आणायचे. आप्पांनी त्या ऐकल्या होत्या, पण जंगल कधी पाहिलं नव्हतं. गाडीतच झोपायचं, गाडीतच स्वयंपाकाचं सामान न्यायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मी आनंदानं उडीच मारली. आईनं फक्त विचारलं, "जमंल का?" आप्पा म्हणाले, "आता नाई तर मग कवा?" मला त्या प्रश्नोत्तरात काहीही वावगं वाटलं नाही.

चौकातल्या युसुफचाचांचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं. त्यांनी आणि आप्पांनी मिळून मागच्या दोन सीटा काढल्या, लाकडी फळ्या टाकल्या आणि वर काथ्याची गादी बसवली. खिडक्यांना चाचांनी जुन्या सीट-कव्हरांचे पडदे शिवले. जाताना ते खिडकीत वाकून म्हणाले, "भाई, शेर मिलातो मेरा सलाम बोलना. नै मिलातो भी बोलके आना, जंगल सुनताय." आईनं बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, आम्ही त्रिशरण म्हटलं आणि अजून धुकं असताना निघालो.

माझी नात गच्चीबावलीच्या एका कंपनीत आहे. परवा ती मला फोनवर चित्रं दाखवत होती. आता अशा गाड्या भाड्यानं मिळतात, आत पलंग, फ्रिज, सगळं. "आज्जी, जंगलला जाऊ ना, फुल मजा येते." तिला मराठी वाचता येत नाही. म्हणजे हे जे मी लिहितेय ते ती वाचणार नाही, आणि बहुधा म्हणूनच मला लिहिता येतंय. मी तिला म्हटलं, "थंडी सोसत नाही गं आता मला."

त्या पहाटे थंडी खरंच फार होती. कामारेड्डीला थांबून आम्ही चहा घेतला तेव्हा कपातली वाफ डोळ्यांत जात होती. आईनं बांधून आणलेली तीळ लावलेली भाकरी आणि ठेचा आम्ही गाडीच्या पायरीवर बसून खाल्ला. शेजारच्या घरून आलेले सकिनालूही होते, तांदळाच्या पिठाचे, कडक. ते मी दिवसभर कुडुम-कुडुम चावत होते. आरमूरच्या पुढे टायर पंक्चर झालं आणि ते काढून, जोडून, पुन्हा बसवण्यात दुपार गेली. गोदावरीचा पूल ओलांडला तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. निर्मल मागे टाकलं आणि घाट सुरू झाला तेव्हा ऊन गेलंच.

मी आप्पांच्या मागे, उजव्या खिडकीशी बसले होते. उजेड कमी होत गेला तसा आईचा आवाज वाढत गेला. "वळण हाय, डावं. अजून डावं. कठडा आला. ट्रक येतोय समोरून, तुमच्या अंगाला घेऊ नका, हिकडं सरा, हळू." आणि आप्पा, जे कुणाचं ऐकून गाडी चालवणारे नव्हते, ते "हां... हां..." म्हणत ती सांगेल तसं चाक फिरवत होते. त्यांनी मान पुढे काढली होती, जवळजवळ काचेला लावली होती. एका वळणावर आई म्हणाली "थांबा!" आणि गाडी थांबली. समोर चार हातांवर बैलगाडी होती. बैल पांढरे होते. मला ते केव्हाचे दिसत होते.

तेव्हा मला कळलं. माझी आई दोन वर्षं नुसती बडबडत नव्हती.

घाट उतरल्यावर इच्चोड्याच्या अलीकडे एका पेट्रोल पंपाच्या आवारात गाडी लावली आणि तिघंही वाकळा पांघरून झोपलो. सकाळी आप्पा हातपंपावर तोंड धुवायला गेले तेव्हा आई गाडीच्या आडोशाला स्टोव्हवर चहा ठेवत होती. मी तिच्याजवळ बसले. तिनं माझ्याकडे न बघताच सांगितलं, "डोळ्याच्या दवाखान्यात दोनदा जाऊन आलो. कडंनं बंद होत येतंय म्हणले. नळीतून बगितल्यावाणी दिसतंय त्यांना, समोरचं तेवढं. अंधार पडला की ते बी नाई. औषध नाई म्हणले त्याला."

"आणि शाळेची लेकरं, आई?"

"मी असते ना बाजूला," आई म्हणाली आणि पातेल्यात साखर टाकली.

मी सोळा वर्षांची होते. मला त्या उत्तरानं बरं वाटलं, हेही कबूल केलं पाहिजे. आदिलाबादच्या थंडीत चहाचा तो पेला हातात धरून मी स्वतःला समजावलं की आई बाजूला असते. दिवसभर ऊन होतं, आप्पा मजेत होते, शीळ घालत होते. पैनगंगा आली, वणी आलं, चंद्रपूर आलं. मोहर्लीला पोचून आम्ही पाण्याकाठी गाडी लावली. पलीकडे जंगलाची काळी रेघ होती, आणि माकडं एकसारखी खेकसत होती. आईनं तीन दगडांवर खिचडी टाकली. आप्पा तिथल्या वनरक्षकाशी गप्पा मारत बसले. आपल्या वडिलांच्या बांबूच्या गोष्टी त्यांनी त्याला अशा सांगितल्या की जणू त्यांनी स्वतःच ते बांबू तोडले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे तोच वनरक्षक आमच्या गाडीत बसला आणि आम्ही आत गेलो. तेव्हा आपली गाडी नेता यायची. सागाची मोठी पानं दवानं जड होऊन रस्त्यावर पडत होती, टप्प टप्प, आणि गाडीचा आवाज मला त्या जागेत उद्धटपणाचा वाटत होता. उजवीकडे चितळ होते, डावीकडे गवे होते. वनरक्षक बोट दाखवायचा, आई "आई गं!" म्हणायची, आणि आप्पा मान वळवायचे, पण दर वेळी उशिरा. मी बघत होते. ते नुसत्या गवताकडे बघून म्हणायचे, "वा! काय जनावर हाय!" तिसऱ्यांदा ते असं म्हणाले तेव्हा मी खिडकीकडे तोंड केलं, कारण माझे डोळे भरले होते.

आणि मग वाघ आला. तो बाजूनं आला नाही. एका सरळ रस्त्यावर, लांब, अगदी मधोमध, आमच्याकडे पाठ करून तो चालत होता, शेतावरून घरी निघालेल्या माणसासारखा. वनरक्षकानं हात वर केला. आप्पांनी इंजिन बंद केलं. वाघ चालत राहिला, एकदा थांबला, मान वळवून आमच्याकडे बघितलं, पुन्हा चालू लागला. आप्पा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बघत होते. तो त्यांना दिसत होता. पूर्ण दिसत होता, शेपटीच्या टोकापर्यंत, कारण त्यांना जेवढं दिसायचं नेमक्या तेवढ्यात तो चालत होता. "सुमे," ते हळूच मला म्हणाले, "उजव्या मागच्या पायात लंगडतोय बग थोडा." मला ते दिसलंही नव्हतं. वनरक्षक म्हणाला, "बरोबर आहे. जुनी जखम आहे त्याची." आप्पांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

वनरक्षकाला फाटकाशी सोडून आम्ही मोहर्लीच्या रस्त्याला लागलो. ऊन चांगलं वर आलं होतं. तिघंही एकदम बोलत होतो. आई तर वाघ बघून लहान मुलीसारखी झाली होती, त्याची चाल करून दाखवत होती. मला भूक लागली म्हटल्यावर ती मागे वळली, भाकरीचं फडकं सोडलं, एका भाकरीवर चटणी ठेवली आणि माझ्या हातात देऊ लागली. एवढाच वेळ. डावीकडे काहीतरी धाडकन लागलं. आप्पांनी ब्रेक दाबला. मागे बघितलं तर रस्त्यावर सरपणाच्या काटक्या पसरल्या होत्या आणि कडेच्या खड्ड्यात एक म्हातारी पडली होती.

आई पळाली, मी पळाले. म्हातारीचं कोपर सोलवटलं होतं, कपाळाला माती लागली होती. गाडीचा धक्का तिच्या डोक्यावरच्या मोळीला बसला होता, तिला नाही. ती उठून बसली, आईनं दिलेलं पाणी प्यायली आणि मग इतक्या शिव्या दिल्या की मला रडू फुटलं, ती जिवंत आहे म्हणून. आम्ही तिच्या काटक्या गोळा केल्या. आप्पाही वाकून गोळा करत होते. त्यांच्या पायाशी पडलेल्या काटक्या त्यांना सापडत नव्हत्या, हात मातीवर फिरत होता. मोळी बांधून, तिला तिच्या पाड्यावर सोडून आम्ही परत गाडीपाशी आलो तेव्हा ते म्हणाले, "कुठनं आली ती एकदम?"

"ती एकदम नाही आली, आप्पा," मी म्हटलं. "ती लांबून कडेकडेनं चालत येत होती. सरळ रस्ता होता."

आई रस्त्यात उभी राहून फडक्याची गाठ बांधत होती आणि ती तिला जमत नव्हती.

हैदराबादला परत तर यायचंच होतं, आणि गाडी दुसऱ्या कुणाला येत नव्हती. मग आम्ही तसेच आलो. आई डावीकडचं सांगत होती, मी उजवीकडचं. "शेळ्या. माणूस. खड्डा. मोटारसायकल मागून." दोन दिवस आम्ही दोघी एवढंच बोललो. उन्हं कलायच्या आधीच गाडी थांबवायची, उजाडल्यावर काढायची. आप्पा शीळ घालत नव्हते. रविवारी सकाळी निघण्याआधी मी धीर करून म्हटलं, "आप्पा, उद्या शाळेला गाडी नका काढू."

"दिवसा दिसतंय मला," ते म्हणाले. "इथले रस्ते नवे हायत. आपल्या गल्ल्या पाठ हायत मला."

"लेकरं पाठ नसतात, आप्पा. ती कुठूनही येतात."

"सुमे, गप," आई म्हणाली. "मी असते बाजूला."

"काल पण होतीस."

मी हे बोलले. आईच्या तोंडावर बोलले. ती गाडीत जाऊन बसली. त्यानंतर त्या चौदा लेकरांची तोंडं माझ्या डोळ्यांपुढून हलेनात, त्यांत एक चिमुरडी होती जी उतरल्यावर दर वेळी गाडीच्या पुढूनच पळत जायची.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. आप्पा दारात गाडी धूत होते. मी मैत्रिणीकडे जाते असं सांगितलं, बस पकडली आणि हिमायतनगरला गेले. शाळेच्या मागे मुख्याध्यापिका बाई राहायच्या. त्यांच्या दारात उभी राहून मी जे होतं ते सगळं सांगितलं, तुटक हिंदीत, थांबत, रडत. बाईंनी मला आत बसवलं, माझ्यापुढे पाणी ठेवलं. "तुझ्या आई-वडिलांना माहीत आहे, तू इथे आलीस?" मी नाही म्हणून मान हलवली. मग त्या, तेलुगूत लेकीला म्हणतात तसं, म्हणाल्या, "तू घरी जा, अम्मा. मी येते."

त्या संध्याकाळी त्या खरंच आल्या, रिक्षानं. आईनं त्यांच्यासाठी चहा ठेवला. बाई फार आदरानं बोलल्या, आप्पांना 'जी' म्हणून बोलल्या. आईला शाळेत आयाचं काम देते म्हणाल्या, आणि ते दिलंही. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पण मी दारामागे उभी होते आणि माझ्या तोंडावरचं वाचायला कुणाला फार नजर असायची गरज नव्हती. बाई गेल्यावर आप्पा उठले, खिळ्यावरची गाडीची चावी काढली, पुन्हा खिळ्याला अडकवली आणि जेवायला बसले.

सोमवारी सकाळी घराघरांत जाऊन सांगावं लागणार होतं की आजपासून गाडी येणार नाही. आईचे पाय निघेनात. मी गेले. चौदा दारं. लेकरं डबे घेऊन, पावडर लावून पायरीवर उभी होती. "अंकल कू बुखार है क्या?" ती चिमुरडी म्हणाली. मी हो म्हटलं. परत आले तेव्हा आप्पा खाकी सदरा घालून, केसांना पाणी लावून दारात बसले होते.

गाडी विकली गेली. युसुफचाचांनी आप्पांना दुकानात बसवलं. सीटांच्या गाद्या भरायच्या, टाके घालायचे, हे काम बोटांनी होतं, आणि आप्पा ते शेवटी चाचांपेक्षा सफाईनं करू लागले. दोन-तीन वर्षांत समोरचंही दिसेनासं झालं. सकाळी चाचा यायचे, आप्पा त्यांचा हात धरून जायचे. विहारात जाताना आईचा हात धरायचे. शेजारची कुणीही बाई नाक्यापर्यंत सोडायला आली तर तिचा धरायचे. माझा हात त्यांनी कधी धरला नाही. मी पुढे केला तर भिंत चाचपत जायचे. माझ्याशी बोलायचे, हसायचे, माझ्या लग्नात त्यांनी दोनशे लोकांना वाढलेलं नीट पोचतंय का हे नुसतं ऐकून सांभाळलं. पण हात नाही. मला वाटायचं, हा राग आहे, आणि तो मला मिळायला हवा तसाच आहे.

आई गेल्यावर ते दिलसुखनगरला माझ्याकडे राहायला आले. चार वर्षं राहिले. शेवटच्या हिवाळ्यात एकदा दुपारी गच्चीवर उन्हात आम्ही दोघं बसलो होतो. मी तूर निवडत होते. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून निघून गेलं, "आप्पा, माझ्यावर अजून राग आहे का तुमचा?"

"कशाचा?"

"मी बाईंकडे गेले त्याचा."

त्यांनी तोंड उन्हाकडे केलं. मग म्हणाले, "राग कवाच नव्हता, पोरी. ती म्हातारी पडली तवा मला समजलं होतं. तरी सोमवारी मी गाडी काढणारच होतो. तू नसती गेली तर काढलीच असती. चौदा लेकरं बसवली असती." त्यांनी घसा साफ केला. "लेकीनं इचार केला, बापानं नाई केला. मग तुझा हात कोणत्या तोंडानं धरू?"

तीस वर्षं. तीस वर्षं मी ज्याला राग समजले ती लाज होती, आणि आम्ही एकाच शहरात, एकाच घरात, त्याबद्दल कधी एकमेकांना विचारलं नाही.

मी सूप बाजूला ठेवलं आणि माझा हात त्यांच्या हातावर ठेवला. टाके घालून त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते. ऊन पायऱ्यांपर्यंत सरकलं तरी आम्ही तसेच बसून होतो. त्यांनी हात काढून घेतला नाही. धरलाही नाही.